गामाला परतताना तिप्पट वेळ का लागला?

प्रश्न: 24 एप्रिल 1498 ला आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मालिंदी बंदरातून निघालेला वास्को द गामा 20 मे रोजी कालिकतला. परतीला मात्र अंजदीव बेट ते आफ्रिकेचा किनारा जवळपास तीन महिने. जहाजं तीच, मग असं का?

उत्तर: मुहूर्त चुकला! जाताना नैर्ऋत्य वारा पाठीशी होता. 5 ऑक्टोबरला अंजदीव सोडलं तेव्हा तो ओसरलेला, ईशान्य वारा अजून स्थिरावला नव्हता. कधी वारा पडलेला, कधी उलटा. डिसेंबरात निघायला हवं होतं.

आणखी एक: त्यात स्कर्व्ही हा आजार. ताजी फळं-भाजी नाही, की हिरड्या सुजून दातांवर चढतात, खाणंच थांबतं. या टप्प्यात 30 माणसं गेली. प्रत्येक जहाजावर धडधाकट सात-आठच. शिडं ओढणार कोण? म्हणून मालिंदी सोडल्यावर ‘साओ राफाएल’ हे एक जहाजच जाळलं.

प्रश्नकर्ता: अंजदीव म्हणजे कारवारसमोरचं ना?

उत्तर: तेच, पण हद्द गोव्याची.