शिवारात भेटलेली कविता : तुमचे अनुभव सांगा

प्रेमाची, आठवणीची, झाडापाखरांची कविता आपण पुस्तकात वाचतो आणि कधीतरी ती आपल्याच धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, खरी होते. अमरावतीचे सुरेश भट, नागपूरचे ग्रेस, वऱ्हाडीचे विठ्ठल वाघ, ही माणसं आपल्याच विदर्भातली. तुम्हाला कोणती कविता कुठं भेटली ते लिहा. स्वतःची असेल तर ओळीही टाका. समीक्षा नको.

वरुडकडचा संत्रा उत्पादक

ग्रेसांचं 'संध्याकाळच्या कविता' (१९६७) कॉलेजात वाचलं, आवडलं, पण का ते सांगता येत नव्हतं. आंबिया बहारासाठी, म्हणजे उन्हाळ्याआधीच्या फुलोऱ्यासाठी, आम्ही डिसेंबरात पाणी तोडतो, झाडं ताणावर सोडतो. पानं मलूल होतात, काही गळतात. जानेवारीत ओलित सुरू केलं की काही आठवड्यांत फांदीफांदीवर पांढरी फुलं. शेतीची लाइन रात्रीची, म्हणून ओलितही रात्रीच. एकदा मोटर लावून बांधावर बसलो होतो. फुलांचा वास इतका दाट की शेजारी कोणी येऊन बसलंय असं वाटलं. जिच्याशी लग्न व्हायचं राहिलं, तिचा चेहरा आठवेना, आवाज मात्र आला. ग्रेस सरळ का सांगत नाहीत, प्रतिमेवर प्रतिमा का ठेवत जातात, ते तेव्हा उमगलं. सरळ सांगण्यासारखं माझ्याजवळही काही नव्हतं, वास तेवढा होता. त्या हंगामात लिहिलेल्या ओळी :

पाणी तोडलंस तू, मी ताणावर उभा
एकेक पान खाली ठेवत गेलो
कोण्या रात्री कुणी लावली मोटर
पहाटे पाहतो तर फुलून आलो

यवतमाळ जिल्ह्यातली शिक्षिका

विठ्ठल वाघांची तिफनीची, म्हणजे बैलांनी ओढायच्या पेरणीच्या अवजाराची, कविता वर्गात घेतली. गावात पेरणी आता ट्रॅक्टरवर, मुलांनी तिफन पाहिलेलीच नाही. एक मुलगी दुसऱ्या दिवशी आजीला घेऊन आली. आजीनं चाड्यावर, म्हणजे तिफनीच्या बी टाकायच्या वाटीवर, मूठ कशी धरायची, बोटांतून दाणे कसे सोडायचे, ते खडूचे तुकडे हातात घेऊन दाखवलं. मग म्हणाली, "हिचा आजा तिफन हाके, मी मांगं सरत्यावर तुरीचं बी सोडो. बोलनं नाई व्हायचं, पन पाय संगंच पडे."

कविता मी पुढं शिकवलीच नाही त्या दिवशी. मुलांना आजीचं वाक्य वहीत लिहून घ्यायला सांगितलं.

हिंगणघाटकडचा तरुण

सुरेश भटांच्या गझला मी कापसाच्या गाडीवर ऐकल्या. जिनिंगसमोर रात्रभर रांग, वडील पासोडी पांघरून गुणगुणत. शेर दोन ओळींत पुरा होतो; मधेच रांग सरकली, बैल हलवावे लागले, तरी काही तुटत नसे.

गोंदियाकडचा धान उत्पादक

प्रेमाच्या कवितेत अजून चकोर आणि कोकिळाच का? महाराष्ट्रात सारस आता जवळजवळ आमच्या भागातच उरलाय. जोडीनं राहतो, बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, घरटं करतो. आमच्या बांधीत घरटं सापडलं तेव्हा रोवणीच्या बायांनी तेवढा तुकडा सोडून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावले, कुणी सांगावं लागलं नाही. मी आमच्या झाडीबोलीत, पूर्व विदर्भाच्या बोलीत, यावर लिहितो आहे. झालं की इथं टाकतो.

अकोला जिल्ह्यातून, गृहिणी

मला कविता भेटली ती भुलाबाईत, म्हणजे आमच्याकडच्या मुलींच्या गाण्यांच्या सणात. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी गाणी, मग खिरापत ओळखायची. सासर, माहेर, वेलीवरचं कारलं, सगळं त्यात. नव्या प्रेमकविता मी आवडीनं वाचते, पण त्यांत माहेराची आठवण फार कमी येते, याचं मला वाईट वाटतं. आमच्या गावची गाणी जुन्या बायांकडून वहीत उतरवते आहे. कारल्याच्या गाण्याची शेवटची कडवी आमच्याकडं प्रत्येकजण वेगळी म्हणते. मूर्तिजापूर, दर्यापूरकडच्या बायांनी आपली कडवी लिहून पाठवा, सगळी उतरवून घेईन.