मदत हवी आहे: गिटार, तुणतुणं आणि दोन गळे, प्रकाशनाच्या मैफलीत माइकची शिट्टी (फीडबॅक) कशी टाळावी?

आम्ही दोघं जात्यावरच्या ओव्या गिटार आणि तुणतुण्यावर बसवतो. पाच गाण्यांचा ईपी (छोटा अल्बम) येतोय, त्याच संध्याकाळी पुण्यात दीडशे खुर्च्यांच्या सभागृहात मैफल आहे. गळ्यांना दोन माइक, गिटारच्या पिकअपला (आवाज उचलणाऱ्या सेन्सरला) पॅसिव्ह डीआय (वाद्य मिक्सरला जोडणारी, विजेविना चालणारी डबी), तुणतुण्याला एक माइक, दोन मॉनिटर (आमचा आवाज आम्हालाच ऐकवणारे स्पीकर). तुणतुण्याचा माइक जरा वर केला की शिट्टी वाजते, आणि गिटार पत्र्यासारखी ऐकू येते. ईक्यू (खर्ज-तीव्र आवाजाचं प्रमाण बदलणं) करून फरक पडत नाही. शिवाय गाणी किती आधी अपलोड करावीत?

प्रतिसाद १
गिटारचा दोष ईक्यूत नाही, डीआयमध्ये आहे. प्रीअँप नसलेल्या पिएझो (कंपनांतून सिग्नल बनवणाऱ्या) पिकअपला साधारण १ मेगाओहम रोधाचा (इम्पीडन्सचा) इनपुट लागतो. पॅसिव्ह डीआयचा त्याच्या कितीतरी खाली असतो, त्यामुळे खर्ज तिथेच गळतो आणि गळलेला खर्ज ईक्यूने परत येत नाही. ॲक्टिव्ह (विजेवर चालणारा) डीआय घ्या आणि मिक्सरवर ४८ व्होल्टचं फँटम (माइकच्या तारेतूनच डीआयला मिळणारी वीज) सुरू करा. मग खर्ज परत आला की गिटारचं पोट १०० हर्ट्झच्या आसपास घुमू लागेल, म्हणून साउंडहोलला रबरी झाकण लावा. तरी घुमलीच तर डीआयवरचं फेजचं (सिग्नल उलटा करणारं) बटण दाबून बघा.

तुणतुण्याचं चामडं मॉनिटरच्या आवाजाने स्वतःच थरथरतं, माइक ते उचलतो आणि चक्र सुरू होतं. मॉनिटरमध्ये तुणतुणं अजिबात देऊ नका, वाजवणाऱ्याला ते हातातच ऐकू येतं. माइक ५ ते ७ सेंटिमीटरवर आणा. काँटॅक्ट पिकअप लावायचा असेल तर नळकांड्याच्या भिंतीवर लावा. चामड्यावर चिकटवला तर आवाज दबतो.

प्रतिसाद २
गळ्याचे माइक कोणते ते बघा. कार्डिऑइड (समोरून ऐकणारा, पाठीमागून जवळजवळ न ऐकणारा) असेल तर मॉनिटर माइकच्या बरोबर पाठीमागे हवा. सुपरकार्डिऑइड पाठीमागूनही थोडं ऐकतो, त्याला मॉनिटर सरळ मागे न ठेवता बाजूला सरकवून, माइकच्या तोंडापासून साधारण १२५ अंशांवर ठेवावा लागतो. इथे बरेच जण फसतात. प्रेक्षक यायच्या आधी एकेक माइक हळूहळू वर न्या, जिथे शिट्टी येईल ती फ्रिक्वेन्सी अरुंद पट्ट्यात ३ ते ६ डेसिबल कापा. दोनतीन कापण्यांनंतर थांबा, नाहीतर गळाच पोकळ होतो. उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टी येण्यापूर्वी आवाज वाढवायची जागा ३ डेसिबलने घटते, तेव्हा एक गात असताना दुसऱ्याचा माइक खाली घ्यायला ऑपरेटरला सांगाच. त्याच्या हातात गाण्यांचा क्रम लिहून द्या.

प्रतिसाद ३
अपलोड चार आठवडे आधी करा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे प्लेलिस्टसाठी गाणं पाठवायची सोय फक्त अप्रकाशित गाण्यांना आहे, आणि निदान सात दिवस आधी पाठवावं लागतं. एका वेळी एकच गाणं जातं, सगळ्यांत ठसठशीत निवडा. ओव्यांचे शब्द पारंपरिक असले तरी चाल अलीकडच्या कुणा संगीतकाराची नाही ना, हे आधी तपासा. भारतात संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो.

धागाकर्ता
ॲक्टिव्ह डीआय मिळवतो. दोन गाणी होईपर्यंत तुणतुण्याचा स्वर उतरतो, त्याचं काय? मैफल ऑगस्टमध्ये आहे.

प्रतिसाद १
दमट हवेत चामडं सैल पडतं आणि तार त्यालाच बांधलेली, म्हणून स्वर उतरतो. दिवे लागले की ते तापून उलट चढतं. तास-दीड तास आधी रंगमंचावर, दिव्यांखाली ठेवा, मगच जुळवा. शक्य असेल तर त्याच पट्टीचं दुसरं तुणतुणं शेजारी तयार ठेवा आणि ट्यूनर चिमट्याचा घ्या, म्हणजे गिटारवाला बोलत असताना आवाज न करता जुळवता येईल.