वसंत लागला, बागेत आधी कशाला हात लावू?

मातीवेडा:
घरामागे जुनी, मोठी बाग आहे. झडलेला पाचोळा घोटाभर साठलाय. मोगरा वेडावाकडा वाढलाय. गुलाबाला तांबूस कोवळी फूट आलीये, पण शेंड्याशेंड्यावर हिरवा मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे. जास्वंदीचं कुंपणही कापायचंय. हौस दांडगी आहे, वेळ मात्र फक्त सुट्टीच्या दिवशी. पाचोळा जाळून मोकळा होऊ का? आणि माव्यावर काय फवारू?

परसातली_मावशी:
पाचोळा जाळू नका हो, पुढच्या उन्हाची सगळी बेगमी त्यात आहे! आधी झाडांना पोटभर पाणी द्या, मग आळ्यात पाचोळ्याचा दोन-तीन इंच थर पसरा. फक्त खोडाला टेकवू नका, चार बोटं जागा सोडा, नाहीतर साल कुजते. उरलेला पाचोळा उपटलेल्या हिरव्या तणाबरोबर थरांनी रचून खताला लावा. अधूनमधून पाणी शिंपडा आणि वरखाली करा.

मोगऱ्याला कळ्या नव्या फुटीवर येतात. अजून कळ्या धरल्या नसतील तर याच सुट्टीला छाटा. वाळक्या, आत वळलेल्या फांद्या काढा, बाकीच्या तृतीयांश कमी करा आणि कुजलेलं शेणखत घाला.

आता मावा. काही फवारू नका, अशी कळकळीची विनंती. सकाळी गुलाबाजवळ उकिडवं बसून पानं उलटी करून बघा. काळपट, लांबट, नारिंगी ठिपक्यांची, छोट्या मगरीसारखी अळी दिसली तर तिला चिरडू नका. ती ढालकिड्याचं, म्हणजे ठिपकेवाल्या लेडीबगचं पिल्लू आहे आणि मावा हेच तिचं खाणं. मी तिला खाताना तासन्‌तास बघत बसते. एक मावा धरते, संपवते, की पुढच्याकडे वळते. औषध मारलं की ती आधी मरते आणि मावा पुन्हा वाढतो. फांदीवर मुंग्यांची रांग असेल तर तिचा बंदोबस्त करा, कारण माव्याच्या गोड चिकट्यासाठी त्या ढालकिड्यांना हुसकावतात. मावा फारच झाला, तर अळी नसलेल्या शेंड्यांवर पाण्याची जोरदार धार मारा, बस.

कुंपणाला मात्र कात्री लावण्याआधी आत डोकावा. घरटं असेल तर पिल्लं उडेपर्यंत थांबा.

हिरवा_कोपरा:
मावशींना दुजोरा. गुलाबाच्या पानांच्या कडेला कोणी वर्तुळात कापल्यासारखे तुकडे गेलेले दिसले तरी घाबरू नका. ती पानं कापणारी एकटी राहणारी मधमाशी असते. तुकडे नेऊन पोकळ काडीत पिल्लांसाठी खोल्या करते. झाडाला काही होत नाही, आणि फुलांचं परागीभवनही करते. पोकळ काड्या दिसल्या तर काढू नका.

मातीवेडा:
मावशी, ती मगर सापडली! एकाच फांदीवर तीन. फवारणीचा बेत रद्द. जास्वंदीत घरटंही आहे, आत बुलबुल बसलाय, म्हणून कुंपण राहू दिलं. रिकाम्या वाफ्यात झेंडू पेरायचाय, माती अजून ओलसर आहे. चालेल?

परसातली_मावशी:
मूठभर माती दाबा. गोळा बोटाने टोचल्यावर फुटला तर खुशाल खणा, चिकटून राहिला तर अजून थोडं वाळू द्या. ओली माती उकरलीत की ढेकळं होतात आणि कोवळी मुळं त्यात शिरत नाहीत. झेंडूचं बी मातीत आडवं ठेवून वर बारीक मातीचा पातळ थर द्या. पाणी झारीनेच घाला, पाइपने नको, बी वाहून जातं.