चौथीतला मुलगा धडा पाठ म्हणतो पण वाचत नाही, डिस्लेक्सिया असेल का?

कृष्णाकाठ:
नमस्कार, आम्ही कराडला असतो, मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत, मराठी माध्यम. बोलायला एकदम तरतरीत, गोष्टी सांगतो, सायकलची चेन स्वतः बसवतो, पण वाचायला बसवलं की पोटात दुखतं, तहान लागते, काहीतरी निघतंच. मराठीचा धडा घडाघडा म्हणायचा म्हणून मला वाटायचं की येतंय त्याला, नुसता कंटाळा करतो.

मागच्या आठवड्यात दुकानदार काका म्हणाले, वहिनी, तुमचा पोरगा यादी घेऊन येतो आणि दरवेळी मलाच वाचायला लावतो. मला वाटलं चेष्टा करतायत. घरी येऊन त्याच यादीच्या मागे 'रवा, तूर्डाळ, खोबरं' असं काहीतरी लिहून दिलं (घाईत मीच तूरडाळ चुकीची लिहिली), तर 'रवा' झालं, पुढे त त त करत बसला, बोट अक्षरावर इतकं दाबून धरलेलं की नख पांढरं पडलं, आणि मग हळूच म्हणाला "आई तू एकदा म्हण ना, मग मी म्हणतो." तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला, हा धडे ऐकून पाठ करतोय! गेली दोन वर्षं मी याला आळशी म्हणतेय, दोनदा हात पण उचललाय, झोप लागत नाहीये मला. घरी सगळे म्हणतायत मोठा झाला की येईल. हे डिस्लेक्सियाच असतं का? कराड-साताऱ्याकडे सुरुवात कुठून करायची?

आंबाडी:
आधी डोळे तपासा ताई. आमच्या पुतणीचं असंच चाललं होतं, फळ्यावरचं दिसतच नव्हतं तिला, चष्मा लागला आणि महिन्याभरात फरक पडला.

पाटीपेन्सिल:
मी पुण्यात अशा मुलांना शिकवते, बारा वर्षं झाली. आंबाडी म्हणतायत ते बरोबर, डोळे आणि कान दोन्ही आधी तपासून घ्या, कुठल्याही चांगल्या तपासणीची सुरुवात तिथूनच होते. पण डिस्लेक्सिया हा डोळ्यांचा आजार नाही, त्यामुळे कोणी रंगीत काचांचा महागडा चष्मा सुचवला तर पैसे घालवू नका. अडचण असते ती आवाज आणि अक्षर यांची सांगड घालण्यात. बुद्धीशी त्याचा संबंध नाही, आणि बरेचदा घराण्यात असतं, तर आजोबा, काका, मामा कोणाला असा त्रास होता का ते आठवून बघा.

ताई, एक सांगते, अख्खा धडा कानाने ऐकून लक्षात ठेवणारं मूल आळशी नसतं हो, ते बाकीच्यांच्या दुप्पट मेहनत करत असतं. मराठीत हे लपतं पण फार. इंग्रजीत स्पेलिंग आणि उच्चार यांचा मेळ नसतो म्हणून तिथे मूल पटकन उघडं पडतं, मराठी अक्षर अक्षर जोडत कसंतरी वाचता येतं म्हणून शिक्षकांना वाटतं सावकाश वाचतो इतकंच. पण आपल्याकडे पण खाचखळगे आहेतच, 'कि' ची वेलांटी आधी दिसते पण म्हणायची नंतर, 'वर्ग' मधला र म्हणायचा आधी आणि बसलाय ग च्या डोक्यावर, शिवाय ध-घ, भ-म, थ-य सारखेच दिसतात. वह्या काढून बघा, काना-मात्रा गळालेत का, जोडाक्षरं फोडून लिहिलीत का, एकच शब्द एका पानावर तीन प्रकारे लिहिलाय का. आणि त्याने कधी न ऐकलेला चार ओळींचा मजकूर वाचायला द्या, पाठ केलेला धडा देऊन काहीच कळत नाही.

खरं निदान मानसशास्त्रज्ञ करतात, बुद्ध्यांक चाचणी आणि वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या, दोन-तीन बैठका लागतात. चाचणी मराठीतच घ्या असा आग्रह धरा, मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी उतारा देऊन काय कळणार? मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' नावाचा चाचणी संच केलाय, तो मराठीतही आहे, त्याबद्दल विचारा.

तोवर घरी ताटात रवा पसरून बोटाने अक्षर काढायचं आणि काढताना त्याचा आवाज मोठ्याने म्हणायचा, रोज वीस मिनिटं, जास्त नाही. पन्नास वेळा लिहून आण हे बंद करा. आणि झोपताना तुम्ही त्याला वाचून दाखवा, गोष्टींची भूक मारू नका त्याची.

ठाण्याचा बाबा:
कागदपत्रांचं मी सांगतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यात हे येतं, आणि आपल्या राज्यात दहावीला सवलती १९९६ पासून आहेत. माझ्या मुलाला दहावीला तासाला २० मिनिटं जादा मिळाली, शुद्धलेखनाचे मार्क कापले नाहीत. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात यासाठी वेगळं क्लिनिक आहे, तुम्ही आधी साताऱ्याला सिव्हिलमध्ये विचारा, तिथून कुठे पाठवतात ते कळेल. खाजगी रिपोर्ट शाळेला समजावायला चालतो पण बोर्डासाठी सरकारी सर्टिफिकेट लागतं. आम्ही हे नववी संपताना सुरू केलं आणि वर्षभर नुसत्या तारखा घेत फिरलो, तुम्ही आत्ताच नंबर लावा.

पॅनलवाला:
मी ४६ चा आहे, चाकणला इलेक्ट्रिकल पॅनल बनवतो. हे बोलून टाइप करतोय, मुलगी तपासून देते. माझं निदान मुलीचं झालं तेव्हा कळलं, तोवर मी स्वतःला ढ समजत होतो. ड्रॉइंग मला एका नजरेत कळतं पण वायरच्या फेरूलवर (वायरच्या टोकाला नंबर लिहिलेली छोटी नळी असते ती) १६ आणि ६१ अजून उलटसुलट होतात म्हणून मी अशा जोड्यांना लाल स्लीव्ह चढवतो आणि हेल्परला मोठ्याने वाचायला लावतो, एकवीस वर्षात त्या कारणाने एक पॅनल परत आलेला नाही. बँकेचा फॉर्म घरी आणून भरतो, मोठा मेसेज मोबाईलला वाचायला लावतो.

ताई, वर्गात उभं करून वाचायला लावतात का त्याला? मला लावायचे. माझा नंबर येईपर्यंत कुठला पॅरा येणार हे मोजत बसायचो आणि तो पाठ करायचो, मधे कोणी गैरहजर असलं की सगळं गणित चुकायचं आणि अख्खा वर्ग हसायचा. ते एवढं थांबवा, बाकी सगळं हळूहळू होईल.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे खूप आभार. पॅनलवाला दादा, तुमचं वाचून मी त्याला विचारलं, तर तो पण मोजतो. रोल नंबर सतरा आहे, म्हणाला सोळा नंबरचा आला नाही की भीती वाटते. काल बाईंना भेटून सगळं सांगितलं, त्या म्हणाल्या आजपासून एकट्याला नाही उभा करणार, जोडीने वाचून घेईन. डोळे-कान सोमवारी तपासायचेत, सिव्हिलला गुरुवारी जातेय. आणि माझे सासरे काल स्वतःहून म्हणाले की ते पण सातवीत याच कारणाने शाळा सोडून शेतात गेले, घरात कोणालाच माहीत नव्हतं. आज संध्याकाळी रव्याच्या ताटाशी दोघं बसले होते.