मदत हवी आहे: बाबांच्या मॉर्निंग वॉकसाठी जुना आयपॉड नॅनो कसा सेट करावा?

नमस्कार मंडळी, बाबांना शुगर आहे, रोज पहाटे बेळगावच्या किल्ला तलावावर चालायला जातात, पण मोबाईल सोबत न्यायचा म्हटलं की नको म्हणतात, खिशात जड होतंय म्हणे. मग आत्तेभावानं दिलेला सहाव्या पिढीचा आयपॉड नॅनो कपाटातून काढला, तो 2010 चा चौकोनी, क्लिपवाला. त्यात अभंग भरून दिलेत, बाबा एकदम खूश! स्टेप मोजायची सोय पण त्यातच आहे आणि 2011 च्या अपडेटनंतर बुटात सेन्सर न घालताच चालणं-पळणं मोजतोय. जीपीएस नाही त्यात, हलण्यावरून पावलं मोजतो आणि त्यावरून अंतर काढतो.

आता अडचण अशी की बाबा दोन्ही हात पाठीमागे बांधून, बारीक बारीक पावलं टाकत चालतात, मधेच कोण ओळखीचं भेटलं की थांबून "काय पावणं, बरं हाय न्हवं" सुरू. क्लिप शर्टाच्या कॉलरला लावायची की कमरेला पट्ट्याला? आणि अंतर कॅलिब्रेट करायला (म्हणजे माहीत असलेल्या अंतराशी त्याचं माप जुळवून घ्यायला) 400 मीटरच्या ट्रॅकवर एक फेरी बास होती का दोन-तीन माराव्यात? चालण्याचं आणि पळण्याचं कॅलिब्रेशन वेगळं असतंय एवढं कळालंय मला.

अजून एक, बॅटरी लवकर उतरायलीय. बेळगावात किंवा खानापूर-निपाणीकडं एवढी बारकी बॅटरी बदलून देणारं कोण खात्रीचं असेल तर सांगा की. बाबा आता रोज घरी आल्या आल्या स्टेपचा आकडा आईला दाखवायलेत, ते बंद पडू नये एवढंच वाटतंय.