मदत हवी आहे: मास्टर्स नोकरी सांभाळून करावं की नोकरी सोडून?

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं बॅकएंडला आहे. जावा, डेटाबेस, एपीआय, तेच ते. काम जमतं, पण आता साचल्यासारखं झालंय. डिस्ट्रिब्युटेड सिस्टीम्सकडे, म्हणजे अनेक मशीन्सवर मिळून चालणाऱ्या सिस्टीम्सकडे वळायचंय. तिथल्या मुलाखतींत पहिली फेरी बरी जाते, पण पुढे ‘नेटवर्क मधेच तुटलं आणि दोन्हीकडे लिहिणं चालू राहिलं, तर डेटा कसा जुळवाल?’ असं विचारलं की माझी गाडी अडते. काफ्का (सिस्टीम्समध्ये संदेश पोचवणारं सॉफ्टवेअर) वापरता येतं, त्याच्या आत काय चालतं ते सांगता येत नाही.

नोकरी सोडून पूर्णवेळ शिकायचं तर हप्ते आडवे येतात. दुसरा पर्याय अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाचा कॉम्प्युटर सायन्समधला ऑनलाइन मास्टर्स, ओएमएससीएस. 2014 पासून चालू आहे, जीआरई ही प्रवेश परीक्षा लागत नाही, 10 विषय, मुदत 6 वर्षं. नोकरी करत हे खरंच झेपतं का? आणि बढतीच्या वेळी ऑनलाइन पदवीला कुणी विचारतं का? ‘आवड असेल तर करा’ असली उत्तरं नकोत, ती घरी मिळतात.

प्रतिसाद, सेगफॉल्ट:
मी नोकरी करतच केलं. 6 वर्षांच्या मुदतीवर जाऊ नका, खरी कसोटी पहिल्या वर्षात आहे. पहिल्या 12 महिन्यांत दोन फाउंडेशनल (पायाभूत) विषयांत किमान बी ग्रेड आणावाच लागतो. सत्राला एकच विषय घ्या. उन्हाळी सत्र धरूनही तीन वर्षं उलटून जातात.

तुम्हाला हवंय ते ऑपरेटिंग सिस्टीम्सपासून सुरू होतं. त्यात सी भाषेत मल्टिथ्रेडेड, म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये अनेक कामं समांतर (थ्रेड्समध्ये) चालवणारा, फाइल सर्व्हर लिहायला लावतात. बॉस थ्रेड विनंत्या रांगेत टाकतो, वर्कर उचलतात. कंडिशन व्हेरिएबलपाशी (काम येईपर्यंत वर्कर जिथे झोपून राहतो) पुन्हा तपासणाऱ्या ‘व्हाइल’च्या जागी एकदाच तपासणारा ‘इफ’ लिहिलात, की वर्कर जागा होतो तोवर दुसऱ्याने काम पळवलेलं असतं, हा रिकाम्या रांगेत हात घालतो आणि प्रोग्रॅम कोसळतो. तेही दर वेळी नाही, कधीतरीच. रात्री जातात, पण ते डोक्यात पक्कं बसतं.

पदवीवर ‘ऑनलाइन’ लिहिलेलं नसतं. बढतीचं मात्र विसरा, नुसत्या कागदावर ती मिळत नाही. शिकता शिकता ऑफिसातलं तसलं एखादं काम मागून घ्या.

प्रतिसाद, उंटावरचा_शहाणा:
संशोधन करायचं असेल किंवा देश बदलायचा असेल, तर पूर्णवेळच बरं. ऑनलाइन प्रवेशावर अमेरिकेचा स्टुडंट व्हिसा मिळत नाही, हे आधीच लक्षात घ्या.

धागाकर्ता:
देश बदलायचा नाही, म्हणजे पूर्णवेळ बाद. सेगफॉल्ट, सीला कॉलेजनंतर हात लावलेला नाही. अर्ज करण्याआधी पॉइंटर आणि पीथ्रेड्स (सीमधली थ्रेड्सची लायब्ररी) पक्के करू, की सोप्या विषयाने सुरुवात करून हे मागाहून घेऊ?

सेगफॉल्ट:
आधी सी. त्या विषयात सी शिकवत नाहीत, येतं असं धरूनच चालतात.