चिकटवणं एवढंच काम नाही

मालवणच्या एका दादांनी लिहिलंय की चेतापेशींवरचे आसंजन रेणू (पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारे रेणू) म्हणजे खडकावरची कालवं, एकदा चिकटली की काम संपलं. मला हे पटत नाही.

न्युरेक्सिन आणि न्युरोलिजिन या अशाच दोन प्रथिनांची जोडी घ्या. पहिलं संदेश देणाऱ्या पेशीवर, दुसरं घेणाऱ्या पेशीवर. मधल्या सुमारे २० नॅनोमीटरच्या फटीत कॅल्शियमच्या मदतीने दोघं एकमेकांना धरतात. (न्युरेक्सिन सापडलं ते ब्लॅक विडो कोळ्याच्या विषाचा माग काढताना, १९९२ मध्ये.) २००० साली चेतापेशी नसलेल्या पेशींना न्युरोलिजिन बनवायला लावलं, तर त्यांना टेकलेल्या चेतातंतूंनी तिथेच संदेश सोडायची सगळी जुळवाजुळव केली! म्हणजे हे प्रथिन समोरच्याला ‘इथे जोडणी कर’ असं सांगतं. रत्नागिरीत बारावीची मुलं मला विचारतात, ‘मॅडम, दोन चेतापेशींची टोकं नेमकी समोरासमोर येतात कशी?’ त्या उत्तराचा मोठा भाग इथे आहे.

शिवाय पकड कायमची नसते. एनकॅम (NCAM) या आणखी एका आसंजन रेणूवर पॉलिसायलिक आम्लाची, म्हणजे एका प्रकारच्या शर्करेची, साखळी चढली की पकड सैल होते आणि वाढत्या मेंदूत पेशींना सरकायला वाव मिळतो.